चौथ्या दिवशीचा शिरा

कमल,

आपण गच्चीवर मटार सोलत बसलो होतो. माघ सरत आला की बनारसचा मटार पिठूळ होतो, म्हणून या सालचा शेवटचा चूडा-मटर, म्हणजे मटारचे पोहे, करून घ्यावा असा माझा विचार. तू सोलत कमी होतीस, खात जास्त होतीस.

"अगं, परातीतही टाक दोन दाणे."

"मेंदूला साखर लागते," तू म्हणालीस.

"तुझ्या मेंदूनं उभा जन्म माझं स्वयंपाकघर लुटलं."

तू हसलीस आणि पुढची शेंगही तोंडातच रिकामी केलीस. ऊन पावलांवरून गुडघ्यांवर आलं. खाली गल्लीत सांड आडवा बसला होता आणि एक सायकलवाला त्याला "हटो महाराज, हटो" करत होता. मग तू शेंग हातात तशीच धरून विचारलंस, "अहो, त्या पाचव्या दिवशी सकाळी तुम्हाला नक्की कसं वाटत होतं? आठवून सांगा."

कुठला पाचवा दिवस, हे मी विचारलं नाही. वीस-बावीस वर्षं झाली असतील त्याला, पण आपल्या घरात पाचवा दिवस एकच.

"हलकं वाटत होतं," मी म्हटलं.

"हलकं म्हणजे? डोकं की अंग?"

"हलकं म्हणजे हलकं. मटार सोल."

तू सोलायला लागलीस. आपण दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. संध्याकाळी तुला हुडहुडी भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुला मणिकर्णिकेवर ठेवून परत आलो, आणि स्वयंपाकघरात मटार तसेच परातीत होते, सुकून सुरकुतलेले.

आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी येऊन गेले. म्हणाले, "काका, अंकात काकूंवर पान द्यायचंय. जन्म, पदव्या, मानसन्मान एवढं लिहून द्या." मी म्हटलं, ते युनिव्हर्सिटीला विचारा, तिथे छापील मिळेल. मी चौथी शिकलेला आचारी. मला लिहायचं तर मी तिलाच लिहीन. छापायचं तर छापा, नाही तर वडे निथळायला कागद होईल.  म्हणून हे लिहितोय. मनात होतं ते वेगळंच लिहायचं, की तू किती मोठी होतीस. पण ते सगळ्यांना माहीत आहे. जे कुणालाच माहीत नाही ते लिहितो.

तुझ्या मामानं तुला माझ्या पदरात टाकलं तेव्हा तू मॅट्रिक होतीस आणि मी बालाजी घाटाच्या आळीत मुंजी-श्राद्धांची पानं रांधणारा. पहिल्याच महिन्यात तू वरण करपवलंस, मग पातेलं घासताना त्याचा तळ फोडलास. माझी आई कपाळावर हात मारून म्हणाली, "हिला शिकू दे बाबा. रांधायला तू आहेसच." आई तसं चिडून म्हणाली होती, तू ते आशीर्वादासारखं धरलंस. इंटर झालीस, बीएस्सी झालीस, पुढे त्या मोठ्या कॉलेजात शरीरशास्त्राची मास्तरीण झालीस. आळीतले लोक म्हणायचे, आचाऱ्याची बायको माणसांची डोकी उघडून बघते. मी म्हणायचो, बघू दे, तुमच्यात काही सापडायचं नाही.

तू काय शोधत होतीस, ते मला समजलं तेवढं सांगतो. मेंदू दीड शेराचा, पण घरात सगळ्यात जास्त खाणारा, आणि खाणार तर साखरच. मग माणूस चार दिवस उपाशी राहिला तर हा लाडोबा खातो काय? तू म्हणायचीस, लिव्हर चरबी जाळून त्याला दुसरं सरपण करून पाठवतं. ते सरपण आंबट. ते रक्तात उतरलं की रक्त आंबटाकडे झुकतं. पण मेंदूभोवती जे पाणी असतं ते आपला तोल सोडत नाही. बाहेर आंबट, आत ठीक. हे तो कसं सांभाळतो, एवढंच तुला बघायचं होतं. एवढ्याशा गोष्टीला तीस वर्षं.

यावरून आपलं भांडण पण किती चालायचं. तू एकदा मला समजवायला म्हणालीस, आमटीत चिंच जास्त झाली की तुम्ही गूळ घालता ना, तसंच शरीर करतं. मी म्हटलं, चूक. गुळानं आंबटपणा लपतो, जात नाही. मारायचा असेल तर सोडा घालावा लागतो, आणि मग ती आमटी खाण्यालायक राहत नाही. तू ताटावरून उठलीस. खरकट्या हातानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर काहीतरी लिहिलंस आणि म्हणालीस, "आपल्या रक्तात सोडाच आहे हो. आणि जो आंबटपणा उरतो तो आपण श्वासानं बाहेर फेकतो." मी म्हटलं, म्हणजे माणूस हा फसफसणारा पदार्थ. दुसऱ्या दिवशी तू वर्गात ही आमटी सांगितलीस आणि माझं नाव घेतलंस. नाव घेतलंस हे मला वीणानं सांगितलं, तू नाही.

वीणा तुझी पहिली विद्यार्थिनी. मिश्रांची पोर, सोनारपुऱ्याची. आता तिचेच केस पांढरे झालेत.

मग ती लंघनाची भानगड. तुला सात धडधाकट माणसं हवी होती, सहा दिवस नुसत्या पाण्यावर राहणारी. मनगटाच्या धमनीतून रक्त घ्यायचं, तेच मेंदूकडेही जातं, मानेतून परतणारं रक्त घ्यायचं, दोन्हीतला फरक म्हणजे मेंदूनं काय ठेवून घेतलं. पंगतीत भरलेलं पातेलं गेलं आणि परत आलं, की काय खपलं ते आचाऱ्याला कळतं, तसंच. तू आपल्या आळीतले वैदिक गोळा केलेस आणि त्यांना सांगितलंस, सोमवारपासून उपास. पहिल्या दिवशीचं रक्त बघून तुला चक्कर यायची बाकी होती. सगळ्यांची साखर माझ्या जिलेबीसारखी. तू विचारलंस तर मोठे गुरुजी शांतपणे म्हणाले, "उपासाचंच खाल्लं. साबुदाणा, रताळं, दाण्याची आमटी. भात शिवला नाही." तू जन्माची मराठी बाई, आणि हे तुझ्या ध्यानात आलं नाही. घरी येऊन रडलीस. मी इतका हसलो की तू मला पाणी पण दिलं नाहीस.

दुसऱ्या खेपेला तू सगळं नीट समजावलंस. पाण्याशिवाय काही नाही, फराळ पण नाही. सातही जणांना विभागाच्या व्हरांड्यात ठेवलंस, वीणाला पहाऱ्यावर बसवलंस. सातव्याची बायको पहिल्याच संध्याकाळी येऊन त्याला कानाला धरून घेऊन गेली. तू घरी आलीस आणि माझ्याकडे बघत उभी राहिलीस.

"काय?" मी विचारलं.

"तुम्ही बसता का?"

"आचारी माणूस उपाशी ठेवतेस?"

"तुमच्याइतका भरवशाचा कुणी नाही मला."

मी बसलो. तुझ्या वहीत मी सात नंबर झालो. मला व्हरांड्यात ठेवायची गरज तुला वाटली नाही. मी घरचा. रोज सकाळी मी बर्फाची अर्धी लादी सायकलला बांधून तुझ्याकडे यायचो, रक्ताच्या नळ्या त्यात ठेवायच्या, आणि त्यातच माझी पण नळी.

चौथ्या दिवशी पुराणिकांकडे सत्यनारायण होता. सुपारी आधीच घेतलेली. तू म्हणालीस, दुसऱ्याला पाठवा. मी म्हटलं, शब्द दिलाय, आणि नैवेद्याचं कुणी चाखत नाही, तुला भीती कसली. तू म्हणालीस, "बरं."

कमल, तिथे मी शिरा केला. सव्वा शेर रवा, सव्वा शेर तूप, सव्वा शेर साखर, वर केळी आणि दूध. पोटात चार दिवसांचा खड्डा आणि समोर तुपात रवा भाजला जातोय. तेवढं मी सोसलं. शप्पथ सांगतो, सोसलं. पलीकडच्या खोलीत पोथी चालू होती. प्रसाद न घेता गेला त्याच्या माणसांवर काय संकटं येतात ते मी जन्मभर ऐकत आलोय. आरती झाली आणि पुराणिकांच्या आजींनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला. मी हात मागे घेतला असता तर सगळ्या घराचा विरस झाला असता, आणि खरं सांगू, माझ्या मनात आलं की हा टाकला आणि तुला काही झालं तर. म्हणून एक घास खाल्ला. तो देवाचा.

बाकीचे माझे. मागच्या खोलीत जाऊन मोठी वाटी भरून घेतली, ती संपवली आणि आणखी एक भरली. उभ्या उभ्या खाल्ली. खाताना डोळ्यांत पाणी आलं होतं, तुझ्यामुळे नाही, चवीमुळे. मग तोंड धुतलं, घरी आलो. तू विचारलंस, "दमलात?" मी हो म्हटलं.

पाचव्या दिवशी सहा माणसांचं रक्त तुझ्या म्हणण्याप्रमाणे आंबटाकडे गेलं आणि सातव्याचं मागे फिरलं. त्याच्या मेंदूनं पुन्हा साखर खायला सुरुवात केली होती. सहाव्या दिवशी ते परत आंबटाकडे वळायला लागलं. तू ते कागद जेवणाच्या पाटावर पसरून बसलीस. मी वाढत होतो. तुझ्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जसं कुणी तुला माहेरून पत्र धाडलंय. म्हणालीस, "तुमचा मेंदू वेगळा आहे. याला काहीतरी कारण आहे."

मला तेव्हाच सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण तू आनंदात होतीस आणि मी म्हटलं, उद्या सांगू.

दोन वर्षं तू ते कारण शोधलंस. तुला वाटलं, जो माणूस जन्मभर चुलीच्या धगीपुढे काम करतो त्याचं शरीर काही निराळं शिकतं. तू कचौडी गल्लीतल्या हलवायांचं रक्त घेतलंस. भट्टीवाल्यांचं घेतलंस. मे महिन्यात, लूचा गरम वारा चालू असताना, डोक्यावर ओला पंचा घेऊन तू कढया तापवणाऱ्या माणसांच्या शेजारी बसायचीस. त्यांना वाटायचं, बाई वेडी आहे. एकानं तर मला विचारलं, "महाराज, घर में सब ठीक है ना?" आणि मी रोज तुला डबा भरून द्यायचो, ताक द्यायचो, कांद्याचं पाणी द्यायचो, आणि गप्प राहायचो.

मग यावर तू लिहिलेला कागद छापायला गेला. तो तपासणाऱ्या कुणाचं तरी बाहेरून पत्र आलं, की सातव्या माणसाची खात्री आहे का, त्यानं लंघन मोडलं नाही ना, नसेल खात्री तर त्याला वगळा. तू उत्तर लिहिलंस आणि स्वयंपाकघरात येऊन मला मराठीत करून वाचून दाखवलंस. त्यात होतं, की सातवा माणूस माझा नवरा आहे, मी त्याच्याबरोबर इतकी वर्षं राहते, तो खोटं बोलत नाही, त्याला वगळणार नाही.

मी म्हटलं, "कढीत मीठ बरोबर आहे का बघ."

त्यांनी कागद परत पाठवला. मग दुसरीकडे छापून आला, लहान ठिकाणी. तू कधी त्रागा केला नाहीस. म्हणायचीस, माझे आकडे बरोबर आहेत, कारण अजून सापडायचंय. निवृत्त झालीस तरी ती वही उशाशी. गणपती दूध प्यायले त्या दिवशी आळीतले सगळे चमचे घेऊन रांगेत उभे होते, तू मला चमचा आणि देवघरातली मूर्ती घेऊन दाखवलंस की दूध कसं ओघळतं. म्हणालीस, "जे दिसतं त्याला कारण असतं. नुसतं मानायचं नाही." मी मनात म्हटलं, बाई, तू मला नुसतं मानून बसली आहेस.

तुझ्यावर मला राग पण आहे. आता तू नाहीस तर तो पण लिहितो. त्या सहा जणांना तू रोज सकाळी विचारायचीस, काही खाल्लंत का, खरं सांगा. मला एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आलो. गच्चीवर तू जवळजवळ विचारलंस, आणि मी म्हटलं हलकं वाटत होतं. म्हणजे तेही खोटंच.

हॉस्पिटलात तुझा श्वास बघून मला कळलं होतं. डॉक्टरांच्या आधी. तूच शिकवलं होतंस, माणसाला कळू न देता मिनिटभर श्वास कसे मोजायचे. तू पडून होतीस आणि श्वास असा चालला होता, जणू घाटाच्या शंभर पायऱ्या चढून आली आहेस, खोल आणि भराभर. रक्त आंबट झालंय आणि शरीर ते बाहेर फेकतंय, पण फेकून पुरत नाही. डॉक्टर म्हणाले, किडनीत इन्फेक्शन आहे, आम्ही बघतोय. मी म्हटलं, बघा.

तू डोळे उघडलेस. "मोजताय?"

"हो."

"किती?"

मी खऱ्यापेक्षा कमी आकडा सांगितला. तू म्हणालीस, "बरं," आणि डोळे मिटलेस. याही वेळी तू मानलंस.

थोड्या वेळानं मी विचारलं, "कमल, आज तिथी कोणती?" तू बरोबर सांगितलीस. मला हायसं वाटलं, की बाहेर काही का होईना, आत तोल आहे. तुझ्या कानाशी वाकून सांगायला तीच वेळ होती. पण आपला श्रीधर पायाशी उभा होता, इंदूरहून रातोरात आलेला, नर्स सलाईन बदलत होती, आणि मला लाज वाटली. बायको मरायला टेकली आहे आणि हा म्हातारा शिऱ्याची गोष्ट काढतो. मी तुझे पाय दाबत बसलो. मग तू तिथी सांगेनाशी झालीस.

तेरावं झालं. गोडाचं मी नाही केलं, बाहेरून आणलं. श्रीधर म्हणाला, "बाबा, इंदौर चलिए, यहाँ अकेले क्या करेंगे." तो आता घरातही हिंदीच बोलतो, तू सारखी टोकायचीस. मी म्हटलं, बघू. तो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीणा आली. तुझ्या खाटेपाशी जमिनीवर बसली, चहा मीच केला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "बाबूजी, मैडम का सातवाँ केस मैं फिर से उठाना चाहती हूँ. अब मशीनें अच्छी हैं. एक लड़की आई है मेरे पास, बहुत तेज़ है. पाँच साल इसी पर लगाएगी. मैडम के नाम से करेंगे."

मी विचारलं, "पाँच साल?"

"कम से कम," ती म्हणाली. आणि हसून म्हणाली, "मैडम ने तो आपकी गारंटी ली थी. याद है?"

मी चहाचे कप उचलून आत नेले आणि नळ सोडून उभा राहिलो. सांगितलं तर लोक म्हणतील, जिनं सगळ्यांच्या मेंदूंचा हिशेब मांडला तिला तिच्या घरच्या आचाऱ्यानं बनवलं. तुझं हसं होईल, आणि तू उत्तर द्यायला नाहीस. नाही सांगितलं तर एक पोर पाच वर्षं भट्ट्यांपुढे बसेल, तुझ्यासारखी, डोक्यावर ओला पंचा घेऊन. बाहेर आलो तर वीणा तुझी वही उघडून बघत होती. सात नंबरच्या पानाच्या कडेला तू बारीक अक्षरात किती काय काय लिहिलंस गं. प्रत्येक ओळीशेवटी प्रश्नचिन्ह. वीणा वही मागून घेऊन गेली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, मैदागिनपर्यंत चालत गेलो आणि तिथून टेम्पोनं लंकेला, युनिव्हर्सिटीच्या फाटकाशी. विभागात वीणाच्या खोलीत शिरलो. ती खुर्ची पुढे करायला उठली. मी बसलो नाही.

"वीणा, मैंने खाया था. चौथे दिन. शाम को."

  मला वाटलं ती आता ओरडेल, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला, आणि तुझ्यासारख्याच आवाजात विचारलं, "क्या खाया था?"

"शिरा. हलवा समझो."

"कितना?"

मी ओंजळ करून वाटी दाखवली. दोन. तिनं विचारलं, त्यात काय काय, किती किती, आणि किती वाजता. मी सगळं सांगितलं, रव्यापासून केळ्यापर्यंत, आणि ती लिहीत गेली. मधेच थांबली.

"मैडम को पता था?"

"नहीं."

तिनं तुझी वही काढली, सात नंबरचं पान उघडलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. म्हणाली, "आप ही लिखिए, बाबूजी." मी मराठीतच लिहिलं, की चौथ्या दिवशी संध्याकाळी दोन वाट्या शिरा खाल्ला, बायकोला सांगितलं नाही. खाली सही केली. ओळ तिरकी गेली.

वीणा म्हणाली, "तारीख डाल देती हूँ. उस दिन की?"

मी म्हटलं, "नहीं, आज की डालो. त्या दिवशीची घातलीस तर मी तिला वेळेवर सांगितलं असं होईल."